रान घरचं, हरणं कोणाची?

हरभरा फुलोऱ्याला आला की या सदराच्या टपालात हरणांची पत्रं वाढतात. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित अकरा एकर जमीन चार भावांत सामायिक आहे. एका बाजूला वनविभागाचं रान लागून आहे. हरणांचे कळप सोयाबीन आणि हरभरा खातात. थोरल्या काकांकडे पीक संरक्षणासाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक आहे. आमच्याच शेतात शिरलेलं हरीण मारलं तर चालेल का? (वाशीम जिल्हा)

नाही चालत. बंदुकीचा परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक घरांत गफलत इथेच होते. काकांचा परवाना शस्त्र अधिनियम 1959 खालचा आहे. तो हत्यार बाळगण्यापुरता. ते कोणत्या जनावरावर चालवता येईल हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 ठरवतो. त्याच्या कलम 9 मध्ये शिकारीला बंदी आहे आणि जमीन कोणाची, हा प्रश्न त्यात येतच नाही. सातबाऱ्यावर नाव असल्याने कसलीही सूट मिळत नाही.

आता ‘हरीण’ म्हणजे नेमकं कोण, हे बघायला हवं. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा ही या कायद्याच्या अनुसूची 1 मधली, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतली जनावरं. पीक खाल्लं म्हणून त्यांना मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकसुद्धा देऊ शकत नाहीत. जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल, किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच त्यांना तसा आदेश काढता येतो. अनुसूची 1 मधल्या जनावराच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. शिवाय किमान 25,000 रुपये दंड, आणि बंदूक व गाडी जप्त.

रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली यांच्याबाबतीत लेखी आदेश निघू शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. वनरक्षक तोंडी ‘हो’ म्हणाला, याला काही अर्थ नाही. कागद हातात पडल्यावर त्यातलं जनावर, गट क्रमांक आणि मुदत तीनदा वाचा. आदेश रोह्याचा असताना चितळ पडलं, किंवा मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी बार काढला, तर तो गुन्हाच. आदेशानुसार मारलेलं जनावरही सरकारचं असतं. त्याचं मटण वाटून घेणं हा वेगळा गुन्हा होतो.

‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याप्तीही लक्षात ठेवा. विष घालणं, फासे लावणं, जाळं टाकणं, आमिष ठेवणं आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारीत मोडतं. आरडाओरडा करून, पत्र्याचा डबा वाजवून कळप पिकातून बाहेर काढायला हरकत नाही. त्याच कळपामागे कुत्री सोडली किंवा मोटरसायकल घातली, तर मात्र प्रकरण अंगाशी येईल.

‘बिहारमध्ये तर नीलगाय मारायला मोकळीक होती’ असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. ती केंद्राची 2015 ची अधिसूचना होती, ठरावीक जिल्ह्यांपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. तिचा दाखला तुमच्या गटाला लागू होत नाही.

प्रश्न : रात्रीतून पीक फस्त होतं, पण खाणारा दिसत नाही. हरीण, रोही की डुक्कर, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न पहिल्याच्याही आधी विचारायला हवा होता. कुंपण कसं घालायचं, अर्जात काय लिहायचं, परवानगी मिळेल की नाही, सगळं याच उत्तरावर ठरतं.

सकाळी दव असताना, माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत बांधावर जा आणि खाल्लेलं एक झाड हातात घ्या. हरणांना आणि रोह्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात वरच्या कडक हिरडीवर दाबून ते शेंडा ओढून तोडतात. त्यामुळे देठाचं टोक फाटलेलं, धागे लोंबणारं दिसतं. देठ चाकूने तिरका छाटल्यासारखा स्वच्छ तुटलेला असेल, तर तो सशाचा उद्योग. एका सशाने ओळीतली रोपं छाटली आणि दोष काळवीटाच्या कळपावर गेला, असं सर्रास होतं.

डुक्कर शेंडा खात बसत नाही. ते जमीन उकरतं, भुईमूग मुळासकट उपटतं, मका आडवा करून कणसं खातं, आणि ऊस चघळून चोथा तिथेच टाकतं.

मग खुरं बघा. काळवीटाचा ठसा अरुंद, पुढे टोकदार आणि साधारण काडेपेटीच्या लांबीएवढा असतो. रोह्याचा त्याच्या दीडपटीहून मोठा आणि रुंद. डुकराच्या ठशात मऊ मातीत मुख्य खुरांच्या मागे, दोन्ही बाजूंना मागच्या नख्यांचे टिंब उमटतात. भरधाव पळालेल्या हरणाच्या ठशातही कधी ते उमटतात, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका. दहा-पंधरा पावलं माग काढा.

लेंड्यांवरून रोही पटकन ओळखू येतो. तो त्याच त्या जागी येऊन लेंड्या टाकतो आणि तिथे ढीग साचतो. असा ढीग बांधाजवळ सापडला तर जनावर नेहमीचं आहे आणि वाटही नेहमीचीच आहे.

तुरीसारख्या उंच पिकात खाल्ल्याची उंची मोजा. काळवीट खांद्याला जेमतेम 80 सेंटिमीटर भरतं, रोह्याचा नर 130 च्या पुढे. छातीच्या वरचे शेंडे खुडलेले असतील तर काळवीटाला सोडून द्या. शिवाय काळवीट उघड्या रानातलं जनावर. चहूबाजूंनी दिसत नसेल अशा दाट, उंच पिकात ते शिरत नाही. त्याचा त्रास उगवणीच्या ज्वारीला आणि बुटक्या हरभऱ्याला, तोही बऱ्याचदा दिवसाढवळ्या. उभ्या उसातल्या किंवा कणसावर आलेल्या मक्यातल्या रात्रीच्या धुमाकुळाला ते जबाबदार नाही.

प्रश्न : पाच एकरांभोवती सौर झटका मशीन आणि पाच तारा लावल्या. पहिले पंधरा दिवस उत्तम गेले. आता रोही खुशाल तारा रेटून आत येतात, डुकरं खालून घुसतात. मशीन तर टिकटिक वाजतंय. फसवणूक झाली का?

टिकटिक म्हणजे मशीन चालू आहे, इतकंच. तारेत झटका आहे का, ते कुंपणाच्या व्होल्टमीटरशिवाय कळत नाही, आणि हे मीटर बहुतेक शेतकरी घेतच नाहीत. मशीन बदलायच्या आधी तेवढं घ्या. साधा घरगुती मल्टिमीटर वापरू नका, हजारो व्होल्टच्या ठोक्याने तो जळेल.

आधी कुंपणाची तार मशीनपासून सोडवून मशीनच्या दोन टोकांवर मोजा. सात-आठ हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले तर मशीन ठीक आहे. तार परत जोडा आणि सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यावर मोजा. तिथे चार हजारांच्या खाली आलं असेल तर वाटेत गळती आहे. पाच एकराचा चौकोनी तुकडा धरला तर परीघ साधारण 570 मीटर होतो. पाच तारांचा हिशेब पावणेतीन किलोमीटरच्या पुढे जातो, आणि एवढ्या लांबीत गळतीला जागा भरपूर. पावसाळ्यानंतर पहिला संशय गवतावर. ओलं गवत खालच्या तारेला टेकलं की प्रत्येक काडी थोडा थोडा झटका जमिनीत सोडते. दुसरा संशय इन्सुलेटरवर. ठिबकच्या नळीचे तुकडे खांबावर इन्सुलेटर म्हणून लावायची पद्धत स्वस्त आहे, पण दोन उन्हाळ्यांत नळी तडकते आणि तार लोखंडी खांबाला टेकते. रात्री अंधारात कुंपणाकडेने हळू चाला. जिथे टिक्‌ आवाज आणि निळसर ठिणगी, तिथे गळती.

व्होल्ट भरपूर असूनही जनावर दचकत नसेल तर दोष अर्थिंगचा. झटका तारेतून जनावराच्या अंगात, तिथून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईमार्फत मशीनकडे परत गेला तरच वर्तुळ पूर्ण होतं. एका हात-दीड हाताच्या सळईवर भागवलं असेल तर कोरड्या मुरमाड जमिनीत काहीच होणार नाही. दीड ते दोन मीटर लांबीच्या तीन जस्ती सळया तीन-तीन मीटरच्या अंतराने ठोका आणि एकाच तारेने जोडा. जागा ओलसर निवडा, विहिरीच्या किंवा हौदाच्या पाझराची. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून मात्र किमान दहा मीटर दूर.

अर्थिंग पुरेशी आहे का, हे असं तपासा. मशीन बंद करून शंभरेक मीटरवर दोन-तीन लोखंडी पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवा आणि मशीन चालू करा. तारेचा दाब दोन हजारांच्या खाली यायला हवा, न आल्यास आणखी एक पहार टेकवा. आता मीटरचं एक टोक अर्थिंगच्या सळईला लावा, दुसरं तिच्यापासून मीटरभर लांब जमिनीत खोचा. 300 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर सळया वाढवा. उन्हाळ्यात जमीन इतकी वाळते की याने भागत नाही. तेव्हा एक सोडून एक तार अर्थिंगला जोडायची. जनावर दोन तारांच्या मधून घुसताना एकाच वेळी दोन्हींना लागतं आणि माती कितीही कोरडी असली तरी झटका बसतो.

तारांची उंची जमिनीपासून 20, 45, 75, 110 आणि 150 सेंटिमीटर ठेवा. खालच्या दोन डुकरासाठी आणि सरपटून जाणाऱ्या काळवीटासाठी आहेत. काळवीट उंच उडी मारू शकतं, पण घाई नसेल तर ते वाकून जाणं पसंत करतं. चितळही उडी मारतं. म्हणून जाळी घालायची तर सव्वादोन मीटरच्या पुढे हवी. तेवढा खर्च नको असेल तर मुख्य कुंपणाच्या बाहेर मीटरभर अंतरावर गुडघ्याच्या उंचीला एकच तार ओढा. हरणाला खोलीचा अंदाज नीट येत नाही. समोर दोन अडथळे दिसले की ते उडी टाळतं.

पंधरा दिवस बरे गेले आणि मग बिघडलं, याचं कारणही बहुधा हेच. गळती वाढली, एखाद्या रोह्याला निकामी तार लागली, काही झालं नाही, आणि तो शिकला. एकदा शिकलेला कळप पुन्हा बिचकायला वेळ घेतो. त्यामुळे पीक नसलं तरी तारा उभ्या असतील तोवर मशीन बंद ठेवू नका. दुरुस्तीपुरती बंद केली तर त्याच दिवशी चालू करा.

एक गोष्ट कडक शब्दांत. झटका कमी पडतो म्हणून घरगुती लाइनचा आकडा तारेवर टाकू नका. चांगलं मशीन सेकंदाला एकच ठोका देतं आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, म्हणून माणूस दचकून हात काढून घेऊ शकतो. 230 व्होल्टचा सलग प्रवाह स्नायू आवळून धरतो, हात सुटत नाही. अशा तारांवर हरणं मरतात, वाघ मरतात, आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. मग शिकारीचा, वीजचोरीचा आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा लागू शकतो. मशीन घेताना आयईसी 60335-2-76 या मानकाचा उल्लेख त्यावर आहे का ते बघा, आणि कुंपणावर पिवळे इशारा-फलक लावा. सौर कुंपणाच्या अनुदानासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

प्रश्न : कुंपण परवडत नाही. फोरेट या कीटकनाशकाच्या पुड्या, जुन्या साड्या, अंड्याचं पाणी, यांतलं खरंच काय चालतं?

फोरेट नको. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर देशात बंदी आहे. शिवाय पुडी फाटून दाणे बांधावर पडले आणि जनावर मेलं, तर ते विष घालणं ठरतं.

साड्या चालतात, पण आठ-दहा दिवस. वाऱ्यावर हलणारा रंग नवा असतो तोवर जनावर थबकतं. म्हणून आधीपासून बांधून ठेवू नका. हरभऱ्याला घाटे भरायचे नेमके दिवस धरा आणि तेव्हाच बांधा.

अंड्याचं पाणी कमी खर्चात बरंच काम करतं. चार लिटर पाण्यात तीन अंडी फेटून दोन दिवस सावलीत ठेवा, कपड्याने गाळा (नाहीतर नोझल तुंबतं) आणि बांधाकडच्या पाच-सहा ओळींवर फवारा. कुजलेल्या प्रथिनांचा वास चरणाऱ्या जनावराला मानवत नाही. पाऊस पडला की पुन्हा, एरवी दर दहा-बारा दिवसांनी, कारण नव्या फुटीवर वास नसतो. डुकराला याची फिकीर नाही. मेथी, कोथिंबीर अशा पाल्यावर हे मारू नका.

आमचं मत विचाराल तर हरभऱ्याभोवती करडईच्या चार-पाच ओळी. काटे कडक व्हायला वेळ लागतो, म्हणून करडई हरभऱ्याच्या आधी पंधरा दिवस पेरा. बरोबरच पेरली तर हरभरा कोवळा असताना करडईही कोवळीच असते आणि हरणं दोन्ही खातात. बिनकाट्याचं वाण चुकूनही घेऊ नका.

प्रश्न : नुकसानभरपाईचा अर्ज दोनदा परत आला. सातबाऱ्यावर सहा नावं आहेत, त्यांतले दोघं गावात राहत नाहीत.

भरपाईच्या यादीत रानडुक्कर आणि रोह्याबरोबर ‘हरीण (सारंग व कुरंग)’ अशी नोंद असते. सारंग म्हणजे दरवर्षी शिंगं गाळणारी चितळ-सांबरासारखी जनावरं, कुरंग म्हणजे काळवीट-चिंकाऱ्यासारखी कायम शिंगांची. अर्जात प्राण्याचं नाव नेमकं लिहा. उकरलेल्या भुईमुगाच्या फोटोखाली ‘हरीण’ लिहिलं तर पंचनाम्यात विसंगती निघते.

सामायिक जमिनीचा अडथळा संमतिपत्राने सुटतो. बाकीच्या खातेदारांनी ‘भरपाई अमुक यांच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही’ असं सह्यांनिशी द्यायचं. बाहेरगावी असलेल्यांची संमतिपत्रं पेरणीच्या वेळीच घेऊन ठेवा. नुकसान झाल्यावर ती गोळा करण्यात आठवडा जातो, आणि तक्रार तीन दिवसांच्या आत जायला हवी. पीक पाहणीची नोंद झालेली नसेल तर सातबारा त्या हंगामापुरता कोरा राहतो. कोऱ्या सातबाऱ्यावर हरभऱ्याची भरपाई कोण देणार?

पंचनामा होईपर्यंत वखर घालू नका. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, स्थळ आणि वेळ उमटेल असा. नुकसानीचा अंदाज ‘अर्धं शेत’ असा सांगू नका. तीस बाय दहा सेंटिमीटरवर पेरलेल्या हरभऱ्यात चौरस मीटरला साधारण 33 झाडं असतात. शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं जात पाच ठिकाणी चौरस मीटर आखा आणि शाबूत झाडं मोजा. पाच चौकोनांत मिळून 165 ऐवजी 99 भरली, तर नुकसान 40 टक्के. फक्त बांधाकडचे चौकोन घेतले तर आकडा फुगतो आणि पाहणीला आलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं.

प्रश्न : वाटणीत जुना वाडा आमच्याकडे आला. भिंतीवर पणजोबांच्या काळातलं काळवीटाचं मुंडकं आहे. ठेवता येईल का? आणि शेतात गळालेली शिंगं सापडली तर?

आधी कपाटं धुंडाळा आणि मालकी प्रमाणपत्र शोधा. ते असेल तर वारसाने वस्तू मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची. ठेवता येतं, विकता येत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर अवघड आहे. जुन्या वस्तू जाहीर करण्याची 180 दिवसांची सवलत 2003 मध्ये दिली होती, ती केव्हाच संपली. आता सरळ मार्ग म्हणजे कलम 42अ खाली वस्तू स्वेच्छेने जमा करणं. मोबदला मिळत नाही. माळ्यावर दडवून ठेवणं सगळ्यांत वाईट, कारण अशी वस्तू सापडली की ती बेकायदा नाही हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

शेतातली शिंगं उचलू नका. फांद्या असलेलं भरीव शिंग चितळाचं किंवा सांबराचं, आपोआप गळालेलं असू शकतं. पिळाचं, आतून पोकळ शिंग काळवीटाचं, आणि काळवीटाचं शिंग गळत नाही. ते सापडलं म्हणजे जनावर मेलेलं आहे, कदाचित मारलेलं. जागेचा फोटो घ्या आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. कोणी उचलून घरी आणलंच असेल तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे.

तुरीत एकटं निपचित पडलेलं पाडस दिसलं, तर तेही उचलू नका. ते टाकलेलं नसतं. आई त्याला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. कुत्री बांधा, त्या दिवशी तिकडची फवारणी आणि खुरपणी पुढे ढकला, आणि संध्याकाळी लांबूनच बघा. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच, त्याच स्थितीत असेल किंवा जखम दिसत असेल, तरच 1926.